वाकडीचे फुटवे

"धा वर्सं झाली हिला. कूस काय उजवंना, आन् आपन हाये की दर साली ओटी भरायला वर चढतोय."

बनुमावशी झाडाला बोलत होत्या. म्हणजे तोंड झाडाकडं होतं. ऐकायला मी होते. बांबूच्या मचाणावर एकाच फळीवर आम्ही दोघी मांडीला मांडी लावून बसलो होतो, जमिनीपासून दोन पुरुष उंच.

"हळू बोला मावशी. सर येतील इतक्यात."

"येऊ दे की. गुडघं गेलं, डोळं गेलं, कान तेवढं शाबूत असत्याल व्हय?" त्यांनी एका कळीची टोपी नखानं उडवली. "मानूस सोन्याचा हाय. पर हट्ट असा, की लेकरानं लाजावं."

झाड निलगिरीचं. नगरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, कल्याण रस्त्यावरून आत वळलं की माळावर आमची बाग आहे. बाग एका संस्थेची, पण लोक 'झावरे सरांची बाग' म्हणतात. आमचं काम कुणाला सांगितलं तर आधी खोटं वाटतं, मग हसू येतं. आम्ही निलगिरीच्या दोन जातींची लग्नं लावतो. हा शब्द आम्हा बायकांचा. सर 'संकर' म्हणतात. हिवरे बाजार बघायला निघालेल्या गाड्या कधी कधी रस्ता चुकून आमच्या फाटकाशी येतात. आतली झाडं बघितली की त्यातले लोक पत्ता विचारायचा सोडून मलाच सुनावतात, अहो बाई, निलगिरी पाणी पिते, माहीत नाही का? मी म्हणते, माहीत आहे, तुम्हीही प्या, ऊन फार आहे.

सरांना तेच तर बदलायचं होतं. थोडक्या पाण्यावर, चुनखडीच्या जमिनीत तगेल आणि तरी सरळ वाढेल अशी निलगिरी त्यांना हवी होती. तगणारी जात आहे, पण ती वाढते वेडीवाकडी. सरळ वाढणारी जात आहे, पण चुनखडीत तिची पानं पिवळी पडतात. दोन्हींचं एकेक नावाजलेलं झाड बागेत होतं. त्यांची लॅटिन नावं आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही एकीला सरळी म्हणायला लागलो आणि दुसरीला वाकडी. पुढं सरांच्या रजिस्टरमध्येसुद्धा तीच नावं आली.

काम असं. निलगिरीच्या कळीवर टोपी असते. ती पिवळसर झाली की नखानं काढायची. आत केसर गुंडाळून बसलेले असतात. ते बारीक कात्रीनं कातरून टाकायचे, म्हणजे फुलाचं स्वतःशीच जमत नाही. मधली काडी तेवढी ठेवायची. तिचं टोक ब्लेडनं छाटलं की ओल येते, त्या ओलीवर दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, वर तलम कापडाची पिशवी बांधायची आणि फांदीला पत्र्याची पट्टी अडकवायची. पट्टीवर दोघांची नावं. नवरदेव आमच्यात बाटलीतून येतो. सरांच्या नगरातल्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये त्याचा मुक्काम असतो, फ्रीजमध्ये, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. वहिनी होत्या तोवर म्हणायच्या, सविता, पाहुण्यांना श्रीखंड वाढायला जावं तर आत हे तुमचे जावई.

ती सविता मी. सातवीतून काढली आणि लग्नानंतर या बागेत रोपांना पाणी घालायला लागले. पुढचं वाचन झालं ते वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर, त्यामुळं माझं ज्ञान बरंचसं मध्येच फाटलेलं आहे. पण अक्षर चांगलं होतं. सगळं झालं ते त्या अक्षरापायीच.

सोळा वर्षांपूर्वीची थंडी. ऐन फुलांच्या दिवसांत सर स्कूटरवरून पडले, खुब्यात सळई बसली. पुढं वर्षभर ते शेतात उतरू शकले नाहीत. दवाखान्यातून त्यांनी फोन केला. "दोन्ही बाजूंनी करा. सरळीच्या फुलांना वाकडीचा पराग, वाकडीच्या फुलांना सरळीचा. पट्ट्या तू लिही, सविता. माझी सगळी भिस्त तुझ्या अक्षरावर."

कुणाचं नाव आधी, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसेल. तोवर पट्ट्या तेच लिहायचे. आम्ही नुसत्या बांधायचो. मला विचारायची लाज वाटली. दोन नावं अशी शेजारी शेजारी लिहिलेली मी एकाच ठिकाणी पाहिली होती, लग्नाच्या पत्रिकेत. पत्रिकेत वर आधी, वधू मागून. शेडमध्ये बसून मी शंभर पट्ट्या तशा लिहिल्या. पराग ज्याचा त्याचं नाव आधी, ज्या झाडावर पट्टी बांधायची त्याचं मागून. सुवाच्य. एक खाडाखोड नाही.

सरळीवरची सगळी फुलं गळून गेली. वाकडीवर मात्र बोंडं धरली. पुढच्या वर्षी ती बनुमावशींनी उतरवली, पट्ट्यांसकट पिशव्यांत भरली आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसलेल्या सरांच्या पुढ्यात आणून ठेवली. सरांनी एक पट्टी हातात घेतली. 'सरळी × वाकडी.' चष्मा वर केला, खाली केला.

"सरळीला धरलं?"

मावशींना लिहिता-वाचता येत नाही आणि सरांच्या तोंडाकडं बघत उभं राहायची सवय नाही. त्या पुढच्या पिशव्या आणायला केव्हाच मागं वळल्या होत्या.

"पुस्तकात तर हे होत नाही," सर मला म्हणाले. "सरळीच्या फुलातली काडी लांब. वाकडीचं फूल तोकडं, तिच्या परागाची नळी तळापर्यंत पोचतच नाही. आणि इथं पोचलीय! पुस्तक खोटं पाडलं की तुम्ही बायकांनी!"

त्या नळ्या-काड्यांत मी हरवले, एवढंच कळलं की सर खूश आहेत. दुसऱ्या दिवशी पेढे आले. मला वाटलं, बोंडं धरली त्याचे असतील. मी दोन खाल्ले.

कळलं ते पुढच्या थंडीत. कॉलेजच्या मुली बाग बघायला आल्या होत्या आणि सर त्यांना पट्टी दाखवत होते. "आईचं नाव नेहमी आधी. बापाचं मागून. जगात हे एवढं एकच ठिकाण सुधारलेलं आहे." मुली हसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रे तिथंच उंबऱ्यावर ठेवला आणि माझ्या शंभर पट्ट्या मनातल्या मनात पुन्हा वाचल्या.

तेव्हाच सांगायचं. पण त्याच आठवड्यात ऑफिसच्या भिंतीवर नवी पाटी लागली होती: 'सौ. सविता पुंजाराम ठाणगे, तंत्र सहाय्यक'. सरांनीच संस्थेत भांडून लावली होती. का, तर सर नसताना या बाईनं एकटीनं सगळं पार पाडलं. पाटी बघायला माझा नवरा सासूला घेऊन आला होता. सासूनं पाटीवरून हात फिरवला आणि पुंजारामचं नाव नेमकं कुठं आहे ते विचारून घेतलं. मी स्वतःला समजावलं, रोपं तर तीच आहेत ना? दोघंच आहेत, एक आई, एक बाप. कोण कोण आहे त्यानं रोपाला काय फरक पडतो?

रोपाला खरंच पडला नाही. अकरा रोपं लागली, त्यातलं नऊ नंबरचं असं निघालं की बघत राहावं. चुनखडीत हिरवंगार, आणि वर गेलं ते ओळंबा सोडल्यासारखं. चौथ्या वर्षी सर त्याला मिठी मारायचे आणि दोन्ही हात पुरतात का ते बघायचे. पुरेनासे झाले तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. पण एका झाडानं काय होतंय? त्याच्या फांद्यांच्या काड्या छाटून लावून पाहिल्या. दोन वर्षं लावल्या. धुक्यासारखं पाणी उडवलं, मुळं फुटायची पावडर लावली. एका काडीला मूळ धरलं नाही.

मग सर म्हणाले, "पुन्हा तेच लग्न लावू. भावंडं काढू. एकदा धरलंय म्हणजे पुन्हा धरणार."

तेव्हापासून दर थंडीत सरळीला मचाण बांधायचं. दहा वर्षं. दर थंडीत दोन-अडीचशे फुलं. पंधरा दिवसांनी पिशवी सोडली की सुकलेली फुलं तळहातावर पडायची, नाचणीच्या फोलासारखी, वजनच नाही. सर ती हातावर घेऊन बघायचे आणि म्हणायचे, "पुढच्या साली." आणि कातरलेले केसर, म्हणजे सरळीचा ताजा पराग, दर साली आमच्या पदरात पडायचा. तो आम्ही खाली उतरून झटकून टाकायचो.

आणि वाकडी? वाकडीला आम्ही तोडली.

नऊ वर्षं झाली त्याला. शेड मागं वाढवायची होती आणि ती नेमकी मध्ये येत होती. मी सरांना म्हणालेसुद्धा, राहू द्या की. इतकंच म्हणाले. सर म्हणाले, "बाप बाटलीत ठेवता येतो, सविता. आई उभी लागते. हिचा पराग आपण भरून घेऊ. पुढची कितीतरी वर्षं पुरेल." आम्ही तीन दिवस वाकडीचा पराग गोळा केला, सात बाटल्या. चौथ्या दिवशी राखणदार मच्छिंद्रनं करवत लावली.

"हिला कशापाई?" बनुमावशी म्हणाल्या.

"हिनं कधी एक बोंड दिलं नाही," सर म्हणाले.

मावशींचं तोंड उघडलं. बोंडं त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली होती, वाकडीवरून, ओचा भरभरून. त्यांनी सरांकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होते. त्यांनी तोंड मिटलं. त्या दिवसापासून आजपर्यंत आमच्यात त्यावर एक शब्द झालेला नाही. बाकी आम्ही सगळं बोलतो. माझ्या अश्विनीचं बाळंतपण त्यांनी केलं, त्यांच्या सुनेचे कागद मी भरले. हे नाही.

सरांनीही एकदा विचारता विचारता सोडून दिलं. वहिनी गेल्या त्या वर्षी. व्हरांड्यात बसले होते, मध्येच म्हणाले, "सविता, त्या साली पट्ट्या..." आणि माझ्याकडं बघत राहिले.

"पट्ट्या काय, सर?"

"काही नाही. अक्षर फार छान होतं तुझं."

आणि चहा ठेवायला सांगितलं. चहा तेव्हा चुलीवर व्हायचा. आता सांगते, म्हणजे कळेल. निलगिरी तोडल्यानं मरत नाही. बुडख्याला फुटवे येतात. वाकडीलाही दर साली यायचे, छातीइतके, आणि दर साली मच्छिंद्र ते छाटून चुलीपाशी आणून टाकायचा. तेलकट लाकूड, ओलंसुद्धा भडकून पेटतं. चहाला खोकल्याच्या गोळीसारखा वास यायचा. मी तो चहा सहा वर्षं प्यायले. नंतर शेडमध्ये गॅस आला आणि बुडखा सगळे विसरले.

आज शेवटचा दिवस होता. माळ संस्थेनं सोलरला दिला आहे. सोमवारी जेसीबी येणार. विद्यापीठाचे लोक फक्त दोन झाडं कुंपण घालून राखणार आहेत, एक ते गुणी झाड आणि दुसरं त्याची आई. रजिस्टर सर त्यांच्या हवाली करणार. रविवारी सरांची मुलगी निकिता त्यांना कायमचं पुण्याला घेऊन जाईल. राहिली होती वाकडीच्या परागाची शेवटची बाटली, ती आज लावायची.

"धा वर्सं," मावशी पुन्हा पुटपुटल्या, आणि मग झाडावरची नजर न काढता, अगदी सहज म्हणाल्या, "शेडमागं गेल्तीस का इतक्यात?"

"नाही. का?"

"गॅस आल्यापास्नं फुटवं कुनी तोडलं न्हाईत. पत्र्याच्या वर गेल्यात." त्यांनी कात्री पुसली. "टोप्या आल्यात त्यांस्नी. पिवळ्या."

माझ्या हातातली कळी खाली पडली. सरळीचे केसर पदरात साठले होते, पांढरे, भुरभुरीत. मी पदर गोळा करून गाठ मारली. का मारली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा वाजली. मच्छिंद्रनं हाताला धरून सरांना उतरवलं. छातीशी श्रीखंडाचा डबा, काखेत रजिस्टर.

"किती फुलं झाली?" त्यांनी खालूनच विचारलं.

"एकशे ऐंशी, सर."

"भले! पराग थोडा शिळा आहे. जुना झाला म्हणून धरत नसेल, काय? पण या खेपेला मला वाटतंय..." वाक्य त्यांनी तिथंच ठेवलं. "खाली ये जरा. आधी लिहून घे. माझा हात हलतो."

मी उतरले. मावशीही माझ्या मागून उतरल्या आणि शेडच्या मागं गेल्या.

टेबलावर सरांनी रजिस्टर उघडलं आणि माझ्याकडं पेन दिलं. पान कोरं होतं. शेजारी ती बाटली, तळाशी चिमूटभर पिवळी पूड. सर खुर्चीत ताठ बसले, कॉलेजच्या मुलींना शिकवताना बसायचे तसे.

"लिही. राखावयाची झाडं. एक, संकर क्रमांक नऊ."

मी लिहिलं.

"दोन. त्याची आई." ते थांबले. "सरळी."

पेन कागदावर टेकलेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत होता. मला दिसत होतं पुढं काय होणार. विद्यापीठातली कुणी मुलगी हे पान वाचेल, मन लावून वाचेल, कारण अक्षर चांगलं आहे. सरळीला मचाण बांधेल. पुढच्या थंडीत आणि त्याच्या पुढच्या. आणि सोमवारी जेसीबी शेडच्या मागं जाईल, तिथं कुंपण नसेल.

"झालं लिहून?" सर म्हणाले. "अजून अक्षर तसंच आहे का गं?"

बनुमावशी आत आल्या. हातात एक डहाळी होती, दोन वितींची, करवंदाएवढ्याही नाहीत अशा बारीक कळ्यांनी भरलेली. त्यांनी ती रजिस्टरवर आडवी ठेवली, माझ्या हाताच्या वरच, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पदरानं तोंड पुसत होत्या. घाम नव्हता.

सरांनी डहाळी डोळ्यांशी नेली. मग डोळ्यांचा नाद सोडून बोटांनी चाचपली. एक टोपी काढली. आतली काडी अंगठ्याच्या नखानं मोजली, जशी ते पूर्वी आम्हाला मोजायला शिकवायचे.

"तोकडी आहे," ते हळू म्हणाले. "ही कुठली, बनुबाई?"

"मला काय इचारता," मावशी म्हणाल्या. "मला लिवता येत न्हाई. हिला इचारा."

सरांनी माझ्याकडं मान वळवली. त्यांना मी नीट दिसत नव्हते, तरी ते बघत राहिले, त्या दिवशी व्हरांड्यात बघत होते तसेच. पण या वेळी त्यांनी चहा ठेवायला सांगितलं नाही.

मी पेन खाली ठेवलं. पदराची गाठ सोडली आणि सरळीचे केसर कागदावर ठेवले, त्या कळ्यांच्या शेजारी.

"सर, आई वाकडी होती," मी म्हणाले. "पट्ट्या मी उलट्या लिहिल्या. आणि तिला आपण तोडलं."